सखूबाई रानडे : एका अल्पायुषी जीवनाची भाषा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रात त्यांच्या प्रथम पत्नीस फार थोडी जागा मिळते. १८५४ च्या सुमारास वाईच्या दांडेकर घराण्यातील सखूबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला, असे एक वाक्य येते. १८७३ च्या ऑक्टोबरात क्षयाच्या विकाराने त्या निवर्तल्या, असे दुसरे. या दोन वाक्यांच्या दरम्यान सुमारे एकोणीस वर्षांचा संसार आहे. पुणे सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक, मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद आणि काँग्रेसच्या आरंभीच्या विचारवंतांपैकी एक म्हणून माधवराव पुढे ज्या राजकारणात अग्रभागी दिसतात, त्याचा बहुतेक भाग सखूबाईंच्या पश्चातचा आहे. त्यांनी पाहिला तो विद्यार्थी, प्राध्यापक आणि नुकताच पुण्यास आलेला न्यायाधीश.

‘प्रथम पत्नी’ हा शब्दप्रयोग येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर १८७३ पर्यंत सखूबाईंना कोणीही प्रथम पत्नी म्हटले नसेल, कारण तसे म्हणण्यास अर्थच नव्हता. त्या पत्नी होत्या. घरच्या सूनबाई होत्या. ‘प्रथम’ हे विशेषण त्यांना मिळाले ते मृत्यूनंतर, आणि तेही दुसऱ्या एका मुलीच्या विवाहामुळे. डिसेंबर १८७३ मध्ये कुर्लेकरांच्या यमुनेचा माधवरावांशी विवाह झाला, ती रमा झाली, आणि त्याच क्षणी सखूबाई ‘प्रथम’ झाल्या. दोघींचेही नामकरण एकाच विधीने झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फरक इतकाच की त्यांपैकी एक त्या वेळी हयात नव्हती.

मराठीतील नातेवाचक शब्दांची रचना या संदर्भात बोलकी आहे. पती हयात असता मरण पावणारी स्त्री ‘अहेव’ जाते. हा शब्द संस्कृत ‘अविधवा’ याचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप होय. ‘सवाष्ण’ हाही ‘सुवासिनी’चा तसाच तद्भव. भाद्रपद वद्य नवमीस अविधवा नवमी म्हणतात आणि त्या दिवशी अहेव गेलेल्या स्त्रीच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. ऐन तारुण्यात क्षयाने जाणाऱ्या स्त्रीच्या मरणाला भाषेने भाग्याचा शब्द द्यावा, यातील विसंगती त्या काळच्या फार थोड्यांना जाणवली असेल. शब्द रुळला की त्यातील निष्ठुरता बोथट होते.

मागे राहिलेल्या पुरुषासाठी मात्र भाषेची योजना वेगळी आहे. ‘विधुर’ हा शब्द मराठीत आहे, पण तो ग्रंथांतला. बोलण्यात जो खरा वावरतो तो ‘बिजवर’. भाऊबीजेतील ‘बीज’ आणि बिजवरातील ‘बिज’ ही दोन्ही ‘द्वितीय’चीच रूपे, तेव्हा बिजवर म्हणजे दुसरेपणाचा वर. विधवा हा शब्द झालेल्या हानीकडे पाहतो. बिजवर हा होऊ घातलेल्या लग्नाकडे. ज्या समाजात माधवराव वावरत होते, तेथे एकतीस वर्षांच्या पुरुषाची पत्नी वारली, तर त्याची गणना पुन्हा वरांत होत असे.

माधवरावांच्या बाबतीत या योजनेला अडथळा होता तो त्यांच्या मतांचा. १८६५ मध्ये विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली होती. १८६९ मध्ये मुंबईस जो पुनर्विवाह गाजला, त्याच्या पुरस्कर्त्यांत माधवराव होते, आणि या प्रकरणावरून सुधारकांवर बहिष्कारही पडला. अशा बहिष्काराच्या इतिहासात वादसभा आणि शास्त्रार्थ यांचीच वर्णने अधिक येतात. परंतु ज्या घराशी पंक्तिव्यवहार बंद होतो, त्या घरी हळदीकुंकवास कोण येते, श्राद्धाला ब्राह्मण मिळतो की नाही, याचा जाच प्रथम माजघरात पोचतो. सखूबाईंच्या संसाराची अखेरची वर्षे याच वादाच्या छायेतली होत.

त्यांच्या निधनानंतर वडील गोविंदरावांना धास्ती पडली ती हीच, की मुलगा आता विधवेशी विवाह करील. म्हणून अत्यंत त्वरेने उपवर कन्येचा शोध झाला. माधवरावांनी विरोध केला. वडिलांनी संबंध तोडून कोल्हापुरास निघून जाण्याची भाषा केली. आणि दोन महिन्यांच्या आत, पत्नीवियोगाचे दुःख ताजे असतानाच, माधवराव अकरा वर्षांच्या मुलीचे पती झाले. सुधारक म्हणून त्यांच्यावर जो दोष आजतागायत ठेवला जातो, तो या विवाहाचा. त्या दोषाची चर्चा करताना टीकाकार आणि समर्थक दोघेही सखूबाईंच्या मृत्यूचा उल्लेख करतात, पण केवळ तारखेपुरता. पितृभक्ती श्रेष्ठ की तत्त्वनिष्ठा, या वादात शोक हा पक्ष कोणीच मांडत नाही. पहिल्या पत्नीच्या निधनाने खचलेल्या पुरुषाला विचार करण्यास अवधीच मिळाला नाही, ही गोष्ट त्या विवाहाचे समर्थन करीत नाही. पण तिच्यावाचून तो विवाह समजतही नाही.

सखूबाईंशी ज्यांचे नाते मृत्यूने तुटले नाही अशी व्यक्ती, भाषेच्या हिशेबाने, एकच : रमाबाई. ‘सपत्नी’पासून आलेला ‘सवत’ हा शब्द सवत हयात असण्याची अट घालीत नाही. महाराष्ट्रात दुसरेपणावर आलेली स्त्री मृत सवतीचा टाक गळ्यात घालीत असे. पतीला बिजवर म्हणून मोकळे करणारी रूढी दुसऱ्या पत्नीला मात्र पहिलीशी बांधून ठेवी. टाकावर नाव नसते. असते ती आकृती.

रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या ग्रंथाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पतीचे नाव घ्यावयाचे नाही या रीतीस अनुसरून त्या माधवरावांचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने करतात. १९३८ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराने तर हाच शब्द ग्रंथाचे शीर्षक केला. निजवाचक सर्वनामाचा हा उपयोग विलक्षण आहे. लिहिणारी स्त्री, आणि ‘स्वतः’ म्हणजे तिचा पती! सखूबाईंनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आपल्यापुढे नाहीत. त्यांच्या घरात त्यांच्यामागून आलेल्या मुलीने लिहिल्या, त्याही अशा व्याकरणात.

त्याच आठवणींत विवाहानंतरचा एक प्रसंग आहे. तुझे लग्न झाले. पण मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का, अशा आशयाचा प्रश्न माधवरावांनी त्या मुलीस केला, आणि तिने ऐकलेले नाव सांगितले. लागलीच पाटी आणून अक्षरओळखीस आरंभ झाला. सखूबाईंना जाऊन तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते.