बिर्याणी घरी ठेवा, मुलांना पहाटे बाहेर न्या

परीक्षा संपत आल्या की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "टीचर, सुट्टीत तुम्ही कुठे जाणार?" ज्यांचं गाव आहे ती मुलं गावाला जातात. बाकीची इथेच राहतात. भवानी पेठ, नाना पेठ, कोंढवा अशा दाटीच्या वस्त्यांतून येणाऱ्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची घरं एक-दोन खोल्यांची, वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की मुलं मोबाइल घेऊन पंख्याखाली पडून राहतात. दोन महिन्यांची सुट्टी अशी संपते.

आपण मुलांना बाहेर नेतच नाही असं नाही. पण कसं नेतो, ते माझ्याच घरच्या अनुभवावरून सांगते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरची बारा-तेरा माणसं एका बागेत जायला निघालो. सहल म्हटली की बिर्याणी आलीच. मी आणि भाभी, म्हणजे माझी मोठी जाऊ, पहाटेपासून चुलीपाशी. दम लागून पातेलं उतरेपर्यंत दहा वाजले. रिक्षा करून पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि बागेचं फाटक दुपारसाठी बंद झालं होतं. मग सावली शोधत रस्त्याने फिरलो. भाभींची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "डोकं दुखतंय." आम्ही म्हणालो, "थांब जरा, बसायला जागा मिळू दे." थोड्या वेळाने तिला उलटी झाली, अंग विस्तवासारखं तापलं. तसंच दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं. अल्लाहच्या मेहेरबानीने संध्याकाळी ती उठून बसली. बिर्याणीचं पातेलं जसं नेलं तसंच घरी आलं.

त्या दिवशी ऊन नेहमीसारखंच होतं. चुकली होती ती आमची वेळ.

पुण्याचा उन्हाळा कडक असला तरी हवा कोरडी आहे. दुपारी चाळिशीला टेकणारा पारा पहाटे बावीस-तेविसावर उतरलेला असतो. मे महिन्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. फजरची नमाज झाली की आपलं घर जागंच असतं. त्यानंतर पुन्हा अंथरुणात न जाता मुलांना घेऊन निघालं, तर साडेआठपर्यंतचे दोन-अडीच तास हातात असतात. संध्याकाळी असरनंतर ऊन उतरू लागतं, तेव्हाही जाता येतं. दुपारी बारा ते चार मात्र मुलं घरातच बरी.

पहाटेसाठी तळजाईची टेकडी उत्तम. झाडी आहे, चालायला वाटा आहेत, नशीब असेल तर मोर दिसतो. मुलांना वेताळ टेकडीही दाखवा. पुणे शहरातली ही सर्वांत उंच टेकडी. महापालिकेच्या बहुतेक बागाही सकाळी लवकर उघडतात, मात्र दुपारी बंद असतात. आधी वेळ विचारून घ्या, आमच्यासारखी फजिती नको.

थोडं उशिरा निघणं भाग असेल तर दाट सावलीची जागा निवडा. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन तशी आहे. 1830 साली स्थापन झालेली एक संस्था ही बाग सांभाळते. जुनी, उंच झाडं आणि गारंबीचा अजस्र वेल पाहून मुलं थक्क होतात. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेसही पाहण्यासारखा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून आगाखान तिसरे यांनी तो 1892 मध्ये बांधून घेतला. 1942 ते 1944 या काळात गांधीजी इथे नजरकैदेत होते, कस्तुरबांचं निधनही इथेच झालं. कमानींच्या व्हरांड्यात बसून हा इतिहास मुलांना सांगता येतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चालणं फार आहे. तिथे उघडताच जावं, आणि बुधवारी ते बंद असतं हे लक्षात ठेवावं.

खडकवासल्याला गेलात तर पाणी काठावरूनच पाहा. तळाला गाळ असतो, खोली एकाएकी वाढते. मुलं पाण्यात उतरली आणि परत आली नाहीत, अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत.

बरोबर काय घ्यावं? प्रत्येकाची पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा ओढणी, अंगात सैल सुती कपडे. डब्यात चपाती, उकडलेली अंडी, काकडी. प्यायला पन्हं किंवा लिंबू सरबत, त्यात साखरेबरोबर मीठही घाला. मूल खेळात तहान विसरतं, म्हणून मागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी द्या. डोकं दुखतंय, चक्कर येते, मळमळतंय असं मुलाने सांगितलं की खेळ तिथेच थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंख्याने वारा घाला आणि घोट घोट पाणी द्या. मूल बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

मागच्या मे महिन्यात त्याच पुतणीला घेऊन आम्ही तळजाईला गेलो. आदल्या रात्री फक्त अंडी उकडून ठेवली होती. सूर्य वर आला तेव्हा आम्ही टेकडीवर होतो. मुलं मोराचं एक पीस सापडलं म्हणून भांडत होती. नऊच्या आत घरी परतलो. जिना चढताना भाभी म्हणाल्या, "इतकी वर्षं सहलीला जातेय, पण मी नुसतं वाढायचं काम केलं. आज पहिल्यांदा मुलांबरोबर चालले."

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं, हे त्यांनीच ठरवलं.