उचलून घेतलेली डेबी

जॉन फोर्ड यांच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या वेस्टर्नपटातला कळीचा प्रसंग जेमतेम काही क्षणांचा आहे. कोमांची या अमेरिकन आदिवासी जमातीत वाढलेल्या पुतणीला, डेबीला, ठार मारायला निघालेला ईथन (जॉन वेन) तिला गाठतो आणि दोन्ही हातांनी वर उचलतो. या पालटाला कारणच दिलेलं नाही, असा आक्षेप घेता येतो. कोमांची सरदार स्कारच्या प्रेताची टाळू कापल्यावर भावाच्या कुटुंबाच्या हत्येचा सूड शमला, असंही कुणी म्हणेल. पण मग त्यानंतर, आडव्या आलेल्या मार्टिनला, डेबीच्या मानलेल्या भावाला, न जुमानता, तो डेबीमागे घोडा का दामटतो? खरं कारण फोर्ड यांनी सुरुवातीलाच पेरलं आहे, संवादात नव्हे, हालचालीत. घरी परतलेला ईथन चिमुकल्या डेबीला तिची थोरली बहीण ल्यूसी समजून असाच उंच उचलतो. कित्येक वर्षांनी हात तीच कृती करतात आणि शत्रूची बायको झालेली तरुणी त्याला पुन्हा आपल्या घरातली पोर दिसते. विचाराआधी शरीराला आठवतं, आणि हे पडद्यावर इतक्या नेमकेपणानं क्वचितच दिसतं.

ईथनचा वंशद्वेष मात्र यातून धुऊन निघाला, हे मला पटत नाही. शेवटी सगळे घरात शिरतात. ईथन उंबऱ्याबाहेर थांबतो, पाठ फिरवतो आणि दार मिटतं.