नगर प्रांतींचा टांगा : कोपरगांव–शिरडी वाटेचा पुरावा

अहमदनगरास (आतां अहिल्यानगर) आगगाडी आली ती १८७८ सालीं. धोंड–मनमाड हा सुमारें १४५ मैलांचा लोहमार्ग खुला झाला, आणि पुण्याहून घोडनदी-सुप्यावरून नगरास येणाऱ्या ७० मैलांहून अधिक लांब सडकेवरील घोड्यांच्या वाहतुकीस उतरती कळा लागली. येथेंच टांग्याचा इतिहास संपला, असें समजण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा होय. आगगाडीनें लांब पल्ल्याचा टांगा मागें पाडला खरा. परंतु स्टेशनास्टेशनाच्या दाराशीं तिनेंच नवा टांगा उभा केला.

डाकेच्या टांग्यास चाकें दोन, घोडे दोन, मध्यें दांडी, आणि घोड्यांच्या पाठीवर जुवाप्रमाणें आडवा लोखंडी दांडा. पुढें हांकणाऱ्याशेजारीं एक उतारू, मागें पाठमोरे दोन. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलीत. (‘टांगा’ शब्द संस्कृत ‘तमंग’ म्हणजे मचाण यापासून काढणारेही आहेत, आम्हांस ती ओढाताण वाटते.)

नव्या टांग्याचा उत्तम पुरावा कोपरगांवचा. श्रीसाईबाबांच्या हयातींत, म्हणजे १९१८ पर्यंत, मुंबईचा यात्रेकरू मनमाडास गाडी बदलून कोपरगांवास उतरे आणि गोदावरी ओलांडून टांग्यानें शिरडी गांठी. शिरडीस स्वतःचें स्टेशन झालें तें थेट २००९ सालीं! गोविंद रघुनाथ दाभोळकर (मृत्यु १९२९) यांच्या ओवीबद्ध श्रीसाईसच्चरितांत टांगा वारंवार येतो. ३३ व्या अध्यायांतील कथा खानदेशांतील जामनेरची आहे. उदी घेऊन निघालेले रामगीरबुवा रात्रीं जळगांव स्टेशनावर उतरतात. जवळ पुढील प्रवासापुरते पैसे नाहींत. तोंच त्यांस नेण्यास टांगा येतो व पहांटे जामनेराजवळ पोंचवितो. नानासाहेब चांदोरकरांनीं तो धाडलाच नव्हता, हें कथेचें मर्म. चमत्काराच्या खरेखोटेपणांत आम्ही शिरत नाहीं. मात्र चमत्कार सांगणाऱ्यासही भोंवतालचा व्यवहार श्रोत्यांस पटेल असाच ठेवावा लागतो. आडरात्रीचें स्टेशन, टांग्यावांचून अडलेला उतारू, घरधन्यानें समोर वाहन पाठविण्याची रीत, हें सरकारी दप्तर सहसा सांगत नाहीं. भक्तिग्रंथ म्हणून इतिहासज्ञांनीं तो बाजूस ठेवावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या संग्राहकांचाही येथें दोष आहे. सनद दिसली कीं ती रेशमी रुमालांत जाते. भाड्याचे, दाण्यावैरणीचे चिटोरे रद्दींत. कोपरगांव, येवलें, राहातें येथील जुन्या घराण्यांच्या रोजकीर्दींत टांग्याच्या भाड्याच्या नोंदी कोणास आढळल्यास, रक्कम कितीही क्षुल्लक असो, तिथि-वारासह त्यांची नक्कल करून मंडळाकडे धाडावी.