राणी, कामकरी आणि अनपेक्षित अंडी : मधमाश्यांच्या वसाहतीतील एक निदानप्रश्न

मधमाश्यांच्या वसाहतीत अंडी घालण्याचे कार्य राणीमाशीचे असते, हा सर्वपरिचित सिद्धान्त होय. तथापि मधपाळाच्या अनुभवास या सिद्धान्ताचे अपवाद वारंवार येतात. ज्या पेटीत राणी नाही असे त्याने गृहीत धरलेले असते, तीत एके दिवशी अंडी दिसतात. ही अंडी कोणाची, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या वसाहतीचे जीवित अवलंबून असते. निदान चुकल्यास चांगल्या राणीचा नाश होतो, किंवा विकत आणलेली राणी पेटीत सोडताच मारली जाते.

या घोटाळ्याच्या मुळाशी काही अंशी शब्दच आहेत. ॲरिस्टॉटलने वसाहतीतील या प्रमुख माशीस ‘राजा’ असे संबोधिले. ती मादी असून अंडी घालते, हे स्पेनमध्ये १५८६ साली मेंदेस दे तोर्रेस याने नमूद केले. इंग्लंडमध्ये १६०९ साली चार्ल्स बटलरच्या ग्रंथाने तिचे स्त्रीत्व रूढ केले. ‘राजा’ जाऊन ‘राणी’ आली, परंतु राज्यकर्तृत्वाची कल्पना मात्र कायम राहिली. मराठीत तर ‘माशी’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने नरासही ‘नरमाशी’ म्हणून स्त्रीलिंगी क्रियापदच लाभते. व्याकरणातील लिंग आणि जीवशास्त्रीय लिंग यांची अशी फारकत असल्यामुळे ‘कामकरी’ हीही मादीच आहे व तिलाही अंडाशय आहे, ही गोष्ट सहज दृष्टिआड होते.

सायलेशियातील धर्मोपदेशक यान झेर्झोन याने १८४५ साली या विषयावर निर्णायक प्रकाश टाकला. फलित अंड्यातून मादी, म्हणजे कामकरी अथवा राणी, निपजते. अफलित अंड्यातून नर निपजतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कामकरी माशीचा नराशी समागम होत नाही. म्हणून तिने घातलेल्या अंड्यांतून सामान्यतः केवळ नरच जन्मतात. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप मधमाशी हा याला प्रसिद्ध अपवाद होय. तिच्या कामकऱ्यांच्या अफलित अंड्यांतूनही माद्या निपजतात. १९९० साली अशा वसाहती उत्तरेकडे नेल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या कामकऱ्यांनी तेथील परक्या वसाहतींत शिरून मोठी हानी केली.

मग एरवी कामकरी अंडी का घालीत नाहीत? राणीच्या शरीरातून स्रवणारी गंधद्रव्ये, आणि त्याहूनही अधिक अळ्यांपासून निघणारी गंधद्रव्ये, कामकऱ्यांच्या अंडाशयाची वाढ रोखून धरतात. शिवाय एखादीने अंडे घातलेच, तर इतर कामकरी ते हुडकून खाऊन टाकतात. रॅटनिक्स व विश्चर यांनी १९८९ साली हे प्रयोगाने दाखविले. अर्थात् येथे शासन राणीच्या आज्ञेने चालत नाही. ते कामकऱ्यांच्या परस्पर पहाऱ्याने चालते. राणी गेली व अळ्याही संपल्या, म्हणजे हे बंधन सैल होते. सातेरी माशीत तर ते युरोपीय माशीपेक्षा लवकर सैल होते. म्हणून सह्याद्रीतील मधपाळास विलंब परवडत नाही.

निदानासाठी तीन लक्षणे पाहावी लागतात. पहिले लक्षण अंड्याच्या जागेचे. राणीचे उदर लांब असल्याने तिचे अंडे घराच्या तळाशी मध्यभागी एकेक असे आढळते. कामकरीचे उदर आखूड असल्याने तिची अंडी बहुधा भिंतीला चिकटलेली व एका घरात अनेक असतात. दुसरे लक्षण झाकणाचे. कामकऱ्यांच्या लहान घरांत नर वाढू लागले की झाकणे फुगीर होतात. परंतु एवढ्यावरून अंडी कामकरींचीच असे ठरत नाही. समागमास मुकलेली किंवा शुक्रसंचय संपलेली राणीही नरांचीच अंडी घालते. मात्र तिची अंडी तळाशी, एकेक व ओळीने असतात. तिसरे लक्षण काळाचे, आणि तेच सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते.

युरोपीय माशीत अंड्यापासून राणी होण्यास १६, कामकरी होण्यास २१ व नर होण्यास २४ दिवस लागतात. राणी अकस्मात् मेली, तर कामकरी कोवळ्या अळीपासून नवी राणी वाढवितात. ती सुमारे १२ दिवसांनी बाहेर पडते. पुढे परिपक्वता, समागम व अंडी घालण्यास आरंभ यांत आणखी दीड-दोन आठवडे जातात. एवढ्या अवधीत जुन्या राणीची सर्व संतती बाहेर पडलेली असते. म्हणजे नवी राणी पेटीत असतानाच पेटी राणीविहीन भासते! त्यातच अशी तरुण राणी प्रारंभी काही दिवस एका घरात दोन-दोन अंडीही घालते. उतावीळ मधपाळ तिलाच ‘अंडी घालणारी कामकरी’ समजतो.

या संशयाचा निरास एका सोप्या परीक्षेने होतो. दुसऱ्या निरोगी पेटीतील अंडी व कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट संशयित पेटीत ठेवावी. त्यावर राणीघरे बांधली गेली, तर राणी नाही असे समजावे. न बांधली गेली, तर राणी असण्याचा संभव धरून थांबावे. मात्र कामकरी अंडी घालू लागल्या असल्यास पहिल्या चौकटीवर त्या राणीघर बांधतीलच असे नाही. म्हणून भिंतीवरील अंडी व फुगीर झाकणे दिसत असल्यास दर आठवड्यास एक याप्रमाणे दोन-तीन चौकटी द्याव्यात. अळ्यांच्या गंधाने कामकऱ्यांची अंडाशये पुन्हा दबतात, व मग राणीघर बांधले जाण्याचा किंवा नवी राणी स्वीकारली जाण्याचा संभव वाढतो. वसाहत फार क्षीण झाली असल्यास तिला राणी असलेल्या सबळ वसाहतीत विलीन करणेच हितावह.

सारांश, ‘राणी अंडी घालते’ हे विधान खरे असले तरी ‘अंडी दिसली म्हणून राणी आहे’ आणि ‘अंडी नाहीत म्हणून राणी नाही’ ही दोन्ही अनुमाने त्यातून निघत नाहीत. संज्ञा सोयीसाठी असते. निदान मात्र अंड्याची जागा, झाकणाचा आकार आणि दिवसांची मोजदाद यांवरूनच करावे लागते.