सॅक्सोफोन पितळेचा, पण ब्रासच्या कुळातला नाही

लग्नसराई सुरू झाली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत ब्रासबँड वाजू लागतो. राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाण्यासारख्या गावातही वरातीत सॅक्सोफोन दिसला की कुणीतरी जाणकार शेजारच्या पोराला हमखास सांगतो, "पितळेचं ते ब्रास, लाकडाचं ते वुडविंड." हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. शाळेतल्या तक्त्यांवर आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांतही तेच असतं. ते चूक आहे.

गैरसमज : वाद्य कशाचं बनलंय, यावर त्याचं कूळ ठरतं.

वस्तुस्थिती : सिम्फनी ऑर्केस्ट्रात चार कुळं मानतात: तंतुवाद्यं, वुडविंड, ब्रास आणि तालवाद्यं. वुडविंड आणि ब्रास दोन्ही फुंकूनच वाजतात. फरक एवढाच, की आवाजाची सुरुवात कशाने होते.

ट्रंपेटचं माउथपीस काढून बघा. छोट्या वाटीसारखं असतं आणि आत काहीही नसतं. तिथे थरथरतात ते वादकाचे ओठ. आता सॅक्सोफोनचं माउथपीस बघा. बहुधा काळं, चोचीसारखं, आणि खालच्या बाजूला पट्ट्याने आवळलेली वेतासारखी पातळ पत्ती. वादक वाजवण्याआधी ती जिभेवर ओली करून घेतो. थरथरते ती हीच पत्ती, अगदी क्लॅरिनेटसारखी. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते पितळेचंच आहे आणि तरीही वुडविंडमध्येच मोडतं. म्हणून क्लॅरिनेटवाला थोड्या सरावाने सॅक्सोफोन हाती घेऊ शकतो. ट्रंपेटवाल्याला मात्र ओठांची सगळी सवय नव्याने घडवावी लागते.

बासरीच्या कुळातली ऑर्केस्ट्रातली फ्लूट तर आज बहुतेक वेळा चांदीची किंवा दुसऱ्या धातूची असते. थिओबाल्ड बोमने 1847 मध्ये धातूच्या नळीची फ्लूट बनवली. तिच्यात पत्ती नाही, ओठांची थरथरही नाही. फुंकर छिद्राच्या कडेवर आपटून दुभंगते आणि सूर निघतो. म्हणून तीही वुडविंडच.

उलटा पुरावाही आहे. युरोपातलं सर्पंट हे जुनं नागमोडी वाद्य लाकडाचं, वरून चामडं मढवलेलं. पण ते ओठांनी वाजतं, म्हणून ब्रासवाल्यांचं भावंड. आपला शंख तर समुद्री गोगलगाईचं कवच. त्यात धातूचा कणही नाही. तरी तो तुतारीचा आणि ट्रंपेटचा सख्खा नातलग, कारण तिन्ही ओठांवर वाजतात.

तरीही कुणी धातू-लाकडाचाच हट्ट धरला, तर त्याने भोपळ्याचं काय करायचं ते सांगावं. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा लागतो आणि पालघरकडच्या तारप्यालाही. एकाची तार छेडायची, दुसरा फुंकायचा. दोघांना एका कुळात कोण बसवेल?

गैरसमज : असा विचार युरोपनेच शिकवला.

वस्तुस्थिती : नाट्यशास्त्राच्या 28व्या अध्यायात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार प्रकार सांगितले आहेत: तारेची, कातडं मढवलेली, अंगानेच नादणारी आणि फुंकायची. 1876 मध्ये कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला. तो ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेला. तिथले व्हिक्टर माहियाँ यांनी 1880च्या सुमारास जी चौकट मांडली, तीही याच चार भागांची. तिच्यावरूनच हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी 1914 मध्ये आज जगभर वापरलं जाणारं वर्गीकरण तयार केलं. ऑर्केस्ट्राची चार कुळं मात्र याहून वेगळी. तिथे सुषिराचे दोन भाग होतात, आणि अवनद्ध व घन तालवाद्यांत एकत्र येतात. दोन्ही याद्यांत चार-चार नावं आहेत म्हणून त्या एकच समजू नयेत.

आणखी काही, थोडक्यात :

*मिरवणुकीतल्या बेंजोला बटणं असतात, म्हणजे तो पेटीचा भाऊ.* नाही. बटणांखाली तारा असतात. हा बुलबुलतरंग, म्हणजे जपानच्या ताइशोगोतोचा वंशज. तंतुवाद्यच.

*पेटी आणि पियानो एका कुळातले.* पेटीत एकही तार नाही. भात्याच्या हवेने आतल्या धातूच्या पट्ट्या थरथरतात. पियानोत तारांवर हातोड्या पडतात.

*सनईसारखं ऑर्केस्ट्रात काही नाही.* ओबो आहे. दोघांचीही पत्ती दुहेरी.

*तालवाद्याला सूर नसतो.* टिंपनी ठरावीक सुरात लावतात. तबलाही गाणाऱ्याच्या सुराला मिळवून घेतात.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. तक्त्यावरचे 'लाकडी' आणि 'पितळी' हे रकाने काढून टाका आणि तिथे एकच प्रश्न लिहा: आधी काय थरथरतं? पत्ती, ओठ, हवा, तार, कातडं की वाद्याचं अंग? एवढं उत्तर ज्या मुलाला देता आलं, त्याला कधी न पाहिलेल्या वाद्याचंही कूळ सांगता येईल.