कोथिंबिरीच्या पाण्याने किडनी धुतली जात नाही

कोथिंबिरीची जुडी चिरून दहा मिनिटं उकळा, गाळा, ते पाणी रोज पेलाभर प्या, म्हणजे किडनीत साठलेले क्षार आणि विष लघवीवाटे निघून जाईल, असा संदेश ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या मुळाशी असलेली कल्पनाच चुकीची आहे. किडनी म्हणजे गाळ साचणारी टाकी नव्हे. निरोगी माणसाच्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी करतात. जे धुऊन काढायचं, ते तिथे साचलेलंच नसतं. लघवीचा रंग फिका पडला हा पुरावा म्हणून सांगितला जातो. पेलाभर साधं पाणी जास्त प्यायलं तरी तो फिका पडतो. मुतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात तेही योग्यच, पण तिथे गुण पाण्याचा आहे, कोथिंबिरीचा नाही. धने मूत्रल आहेत असं आयुर्वेद सांगतो, हा आक्षेप हमखास येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत धन्याच्या अर्काने लघवी वाढलेली दिसलीही आहे. पण लघवी वाढणं आणि बिघडलेली किडनी सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोथिंबीर शरीरातलं शिसं, पारा ओढून काढते, हा याच दाव्याचा सुशिक्षित अवतार. इराणमध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांना दोन आठवडे कोथिंबिरीचा अर्क देऊन रक्त-लघवीतलं शिसं मोजलं गेलं. अर्क न घेतलेल्या मुलांपेक्षा वेगळं काही आढळलं नाही. उलट सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी मातीतले जड धातू स्वतःत घेते आणि ते आपल्याच ताटात येतात. खरा संताप येतो तो पोटॅशियमच्या मुद्द्यावर. १०० ग्रॅम कोथिंबिरीत ते सुमारे ५०० मिलिग्रॅम असतं. निरोगी माणसाला त्याचं काहीच वाटत नाही, पण निकामी होत चाललेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून अशा रुग्णाला भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायला सांगतात, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. हा संदेश नेमकं तेच पाणी प्यायला सांगतो, तेही ज्याच्या किडनीला त्रास आहे त्यालाच!

बाकीचे समज किरकोळ आहेत. धने आणि कोथिंबीर वेगळ्या झाडांचे नव्हेत, एकाच झाडाचे. देठ टाकाऊ नाहीत, वाटणात त्यांचा स्वाद उत्तम उतरतो. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणारा नखरे करत नसतो. २०१२च्या एका संशोधनात या तक्रारीचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाजवळच्या फरकाशी आढळला. त्याच वर्षी टोरांटोत झालेल्या पाहणीत दक्षिण आशियाई वंशाच्या ७ टक्के तरुणांना ती आवडत नव्हती, पूर्व आशियाईंत हे प्रमाण २१ टक्के होतं.

कल्याणच्या बाजार समितीतून आलेली जुडी वडीत, आमटीवर, चटणीत मनसोक्त वापरा. मात्र घरात कुणाला किडनी बिघडवू शकणारा मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट काम करते की नाही याची, तपासणी कधी करायची ते विचारा, आणि तो संदेश पुढे पाठवू नका.