राधानगरच्या वाळूवरील धाव

अंदमान म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवते ते सेल्युलर जेल. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना जेथे बंदिस्त करण्यात आले, त्या कोठडीसमोर नतमस्तक होऊन आपले बहुतेक पर्यटक पुढे बोटीने हॅवलॉक बेटाकडे निघतात. २०१८ पासून या बेटाचे अधिकृत नाव स्वराज द्वीप असे आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी येथे गावे वसविली. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर ही त्यांची नावे त्या श्रद्धेची साक्ष देतात. त्यांतीलच एक राधानगर.

राधानगरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. पिठासारखी मऊ, शुभ्र वाळू, समोर निळे-हिरवे पाणी आणि पाठीशी उंच वृक्षांचे घनदाट अरण्य. २००४ साली ‘टाइम’ नियतकालिकाने त्यास आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून गौरविले, तर २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. अंदमान देशाच्या पूर्वेस दूर असूनही घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे पहाटे पाच-साडेपाचलाच उजाडते. सूर्य अरण्यामागून वर येत असल्याने सकाळी वाळूवर बराच वेळ झाडांची सावली असते. संथ धाव घेण्यास याहून रम्य स्थळ क्वचितच सापडेल.

तथापि, ही मऊ वाळू दिसते तितकी सौम्य नाही. १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वाळूवर धावताना कठीण पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते. पावलाखालची वाळू सरकते, त्यामुळे पायाने दिलेल्या रेट्याचा काही भाग शरीर पुढे नेण्याऐवजी वाळू हलविण्यातच जातो. डांबरी रस्त्यावर पाऊल टेकताच ताणलेले स्नायू व कंडरा स्प्रिंगप्रमाणे परतफेड करतात. वाळूत ती परतफेड कमी मिळते. टाच खोल रुतल्याने पोटरीवर आणि टाचेमागील कंडरेवर अधिक ताण येतो. वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याने पहिल्याच सकाळी तीन-चार किलोमीटर धावणे म्हणजे शिल्लक न पाहता काढलेला ओव्हरड्राफ्टच होय! त्याचे व्याज उरलेली सहल लंगडत भरावे लागते.

यावर उपाय समुद्रानेच योजून ठेवला आहे. ओहोटीनंतर मागे राहणाऱ्या ओलसर पट्ट्यात कणांमधील पाणी वाळूला घट्ट धरून ठेवते. तेथे पाऊल फारसे रुतत नाही आणि आघातही रस्त्यापेक्षा कमी बसतो. म्हणून धावण्याची वेळ घड्याळाने नव्हे, तर ओहोटीने ठरवावी. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत आहे. परंतु ते गणित कोकण किनाऱ्याचे. अंदमानात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे स्थानिकांनाच विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. किनारा पाण्याच्या दिशेने उतरता असतो. एकाच दिशेने धावल्यास एक पाय सतत खालच्या बाजूस पडतो आणि गुडघा व कंबर दुखावते. जितके अंतर जावे, तितकेच त्याच पट्ट्यातून परत यावे, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब जुळतो. पहिले दोन दिवस पादत्राणे घालून दहा-पंधरा मिनिटेच धावावे; मध्ये चालावे. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग असावा. अनवाणी धावण्याचा मोह आवरत नसेल, तर शेवटची पाच मिनिटे त्यासाठी राखावीत, मात्र शंख-शिंपले व प्रवाळाच्या तुकड्यांकडे लक्ष असावे. ज्यांना गुडघेदुखी वा हृदयविकार आहे, त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घाम आल्यावर पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र सूचनाफलक अवश्य वाचावेत. २०१० मध्ये या परिसरात मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. जीवरक्षक सांगतील त्याच सीमेत राहावे.

दोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा किनारा एका दमात पार करण्याचा हट्ट कशासाठी? थोडे धावावे, थोडे थांबावे, अरण्याकडे पाहावे. उद्याही धावावेसे वाटेल इतकी ताकद पायांत शिल्लक ठेवून परतणे, हाच येथील व्यायामाचा खरा लाभांश.